संमतिपत्रावर सही कोणाची?

प्रशासकीय सेवेत असताना संमतिपत्रांचे गठ्ठे मी अनेकदा हाताळले. सही किंवा अंगठा जागेवर आहे ना, एवढेच आम्ही तपासत असू. सही करणाऱ्याला काय समजले, हे नोंदवण्याचा रकाना नमुन्यात नसे. एचपीव्ही लसीची आपल्या देशातील वाटचाल पाहताना तो न छापलेला रकाना आठवतो.

ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षे टिकून राहिला, तर गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकतो. हा संबंध दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्या. संसर्ग होण्यापूर्वी, म्हणजे ९ ते १४ या वयात दिलेली लस सर्वाधिक परिणामकारक ठरते.

तरीही २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे सुरू झालेला प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला. सात मुलींच्या मृत्यूंमुळे खळबळ उडाली. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही. परंतु अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृह अधीक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या, हे मात्र उघड झाले. २०१३ मध्ये संसदीय समितीनेही या प्रकरणी कठोर ताशेरे ओढले. लसीवरचा विश्वास गेला तो आईला वगळल्यामुळे.

सिक्कीमने २०१८ मध्ये वेगळा मार्ग धरला. मोहिमेपूर्वी शिक्षक, पालक, डॉक्टर आणि पत्रकार यांच्याशी संवाद साधला, शंकांना उत्तरे दिली आणि मग शाळाशाळांतून लस टोचली. ९० टक्क्यांहून अधिक मुलींपर्यंत ती पोहोचली. राज्य लहान आहे हे खरे. पण धडा लहान नाही.

आईचे प्रश्न साधे असतात. इतक्या लहान वयात का? पुढे मूल होण्यास अडचण येईल का? या लसीत जिवंत विषाणू नसतो आणि तिच्यामुळे वंध्यत्व येते, याला कोणताही पुरावा नाही, हे तिला तिच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. मुलीलाही कळले पाहिजे की लस हे पूर्ण कवच नव्हे. वयाची तिशी ओलांडल्यावर तपासणी करून घ्यावीच लागते. आज ती तपासणी किती स्त्रियांपर्यंत पोहोचली आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील दोन टक्क्यांहूनही कमी स्त्रियांनी ती कधीतरी करून घेतल्याचे दिसले.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या स्वदेशी लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने या वयोगटासाठी एक मात्राही पुरेशी ठरू शकते, असे मत दिले. किंमत आणि पुरवठा यांच्या अडचणी त्यामुळे हलक्या झाल्या आहेत. संवादाची जबाबदारी मात्र शासनाचीच राहते.

म्हणून माझी सूचना अशी : लसीकरणाच्या आठवडाभर आधी प्रत्येक शाळेत मातांची सभा घ्यावी, तिथे आरोग्यसेविकेने प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि मुलीच्या लसीच्या दिवशीच आईला तपासणीची तारीख द्यावी. संमतिपत्रावरची सही त्यानंतर घ्यावी.