आवाज मालवणचा, पत पेढीची

श्रावक या शब्दाचा मूळ अर्थ ऐकणारा. ज्या समाजाने आपल्या गृहस्थालाच असे नाव दिले, त्या समाजाच्या नव्या पिढीला पॉडकास्टची ओढ लागावी यात नवल नाही. प्रवचने, स्तवने, व्यापारातील अनुभव, गावगोष्टी असे पुष्कळ काही आज मोबाइलवर ऐकले जाते. तयार करणेही अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते पुढचे. दहा-वीस भाग होतात आणि ऐकणाऱ्यांची संख्या नातेवाइकांच्या पलीकडे सरकत नाही. जाहिरातीवर पैसे टाकले की चार दिवस आकडा चढतो, मग ओसरतो.

पॉडकास्ट हा शब्द २००४ साली प्रचारात आला. अनोळखी आवाज लोकांच्या घरात कसा पोहोचवावा, हा प्रश्न मात्र मालवणच्या माणसांनी त्याआधीच सोडवला होता, आणि तोही पेढीवर बसणाऱ्याला सहज उमगेल अशा रीतीने. दुसऱ्याची पत काही काळ उसनी घ्यायची आणि ती सव्याज परत करायची.

गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आले. भाषा मालवणी, विषय गावातल्या हौशी नाटकाच्या फजितीचा. शहरी प्रेक्षकाला ही बोली कळेल का, ही शंका रास्त होती आणि सुरुवातीच्या प्रयोगांना प्रतिसादही बेताचाच मिळाला. मच्छिंद्र कांबळी यांनी नेट सोडला नाही. पुढे पु. ल. देशपांडे यांनी प्रयोग पाहिला आणि मनसोक्त दाद देणारे पत्र लिहिले. त्या पत्राने नाटकाचे दिवस पालटले. जे प्रेक्षक मालवणी बोलीवर विश्वास ठेवायला तयार नव्हते, त्यांनी पु. लं.च्या शब्दावर विश्वास ठेवला. नंतर पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले, ते अर्थातच नाटकाच्या स्वतःच्या बळावर. पत्राने दार उघडले. आत नेऊन बसवण्याचे काम पत्र करू शकत नाही.

व्यापारी कुटुंबांना अधिक जवळचे वाटावे असे उदाहरण ‘कालनिर्णय’चे आहे. जयंतराव साळगांवकर यांचा जन्म १९२९ सालचा, मालवणचा. १९७३ साली त्यांनी दिनदर्शिका काढली. पंचांगातील तिथी-वार, निरनिराळ्या धर्मांचे सण, आणि पाठीमागच्या पानावर पाककृती, आरोग्य, नामवंतांचे लेख अशी तिची रचना होती. ग्राहक मिळवण्याची एक वाट दुकानदाराच्या गल्ल्यावरून जाते. पेढीने आपले नाव छापलेल्या प्रती वर्षारंभी गिऱ्हाइकांना भेट द्यायच्या; पेढीचे नाव बारा महिने भिंतीवर राहते आणि दिनदर्शिकेला न मागता नवे घर मिळते. येथे कोणी कोणावर उपकार करत नाही. दुकानदाराला हवे होते ते त्याला मिळाले, प्रकाशकाला हवे होते ते त्याला.

पॉडकास्टच्या बाबतीत हा व्यवहार अजून फारसा कोणी केलेला दिसत नाही. काजू, कोकम, आंबापोळी विकणाऱ्या दुकानाने आपल्या पुडक्यावर एक क्यूआर कोड छापावा; तो उघडला की त्याच कोकमाची, ते वाळवणाऱ्या हातांची गोष्ट पंधरा मिनिटांत ऐकू यावी. मुंबई-पुण्याला परतलेला पर्यटक डबा उघडतो तेव्हा त्याला मालवण आठवत असतेच. त्या क्षणी कानावर पडलेला आवाज त्याला जाहिरात वाटत नाही. पॉडकास्टला श्रोता लाभतो आणि दुकानाला पुढच्या मोसमाची मागणी.

तिसरी रीत दशावताराची. एरवी प्रत्येक मंडळ स्वतंत्र, आपापली गावे आणि जत्रा सांभाळणारे. तरीही ‘संयुक्त दशावतार’ जाहीर झाला की वेगवेगळ्या मंडळांचे नामवंत कलावंत एका रात्रीपुरते एकत्र येतात. संवाद लिहिलेले नसतात, त्यामुळे दोन कसलेले नट समोरासमोर आले की काय घडेल हे कोणालाच ठाऊक नसते. दोन पॉडकास्टनी एकमेकांकडे पाहुणे म्हणून जावे, ही कल्पना याहून निराळी नाही. फक्त दोघांचे श्रोते वेगळे असावेत. व्यापारावर बोलणाऱ्याने पुन्हा व्यापारावर बोलणाऱ्यालाच बोलावले तर तेच श्रोते इकडून तिकडे जातात. त्याने एखाद्या दशावतारी नटाला बोलावून हंगामाचा हिशेब विचारावा. खर्च, बिदागी, प्रवास, पावसाळ्यातील रिकामे महिने. दोन्ही बाजूंचे लोक कान देतील.

आजच्या काळात ‘मालवणी लाइफ’ आणि ‘कोकणी रानमाणूस’ या दृक्‌श्राव्य वाहिन्यांनी याच भूमीतून मोठा प्रेक्षक उभा केला. त्यातील दुसरीने तर निसर्ग सांभाळून होणारे पर्यटन हाच आपला विषय केला. ज्याचे घर, ज्याची बाग, तोच तिथे बोलतो. म्हणून तो भाग आपल्या माणसांपर्यंत तो स्वतःच पोहोचवतो.

जैन कुटुंबासमोर मात्र एक प्रश्न वेगळा उभा राहतो. बाहेरच्या माणसाला मालवण म्हटले की मासळी आठवते. ज्या कार्यक्रमाचा निम्मा भाग मासळीच्या थाळीवर आहे, त्याला पेढीने आपले नाव द्यावे का? श्रोते तिथे भरपूर आहेत, हे खरे. परंतु उसनी पत दोन्ही दिशांनी वाहते. पेढीचे नाव ज्याच्याशी जोडले जाते, त्याचा रंग पेढीला लागतोच. त्यासाठी शेजाऱ्याच्या ताटावर टीका करण्याचेही कारण नाही. किनाऱ्यावर मासेमारी हे हजारोंचे जगणे आहे, आणि अनेकान्त मानणाऱ्यांना दुसऱ्याची बाजू समजून घेण्याची सवय असावी. वेगळी जागा शोधावी, एवढेच. तिला तोटा नाही. मालवणी खाजे घ्या. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, वर गुळाचा पाक आणि त्यात आले. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांसाठी आल्याऐवजी सुंठ घालून एक घाणा वेगळा काढता येईल का, हा प्रश्न घेऊन एखाद्या खाजेवाल्याकडे जावे. त्या संभाषणाचाच एक उत्तम भाग होईल, आणि जमले तर त्याला नवे गिऱ्हाईकही मिळेल.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण विसरू नये अशी. पैसे, फुकट मुक्काम, भेटवस्तू किंवा घरचे नाते असेल आणि त्यापोटी एखाद्या मालाची शिफारस होत असेल, तर ते श्रोत्याला स्पष्ट सांगावे लागते. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये त्याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि तो शिफारस करणाऱ्यालाही होऊ शकतो. काकांच्या दुकानाची स्तुती करताना ‘हे माझ्या काकांचे दुकान’ एवढे म्हटले की पुरे. सत्य हे व्रत मानणाऱ्यांना हे जड जाऊ नये.

राहिला प्रश्न वेळेचा. भाद्रपदात गणपतीसाठी चाकरमानी गावी येतात, त्याच सुमारास संवत्सरी आणि दशलक्षण पर्वही येते. कोकण रेल्वेचा लांबचा प्रवास ऐकण्यासाठी उत्तम, पण बोगद्यांत रेंज जाते. करबुडेचा एकच बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. भाग आधी डाउनलोड करून ठेवण्याची सूचना आदल्या आठवड्यातच द्यावी. आणि ध्वनिमुद्रण त्याच्याही आधी उरकावे: जून-जुलैत मासेमारी बंद असते, किल्ल्याच्या होड्या थांबलेल्या असतात, पेठेत गर्दी नसते. दुकानदाराला, होडीवाल्याला, खाजेवाल्याला तेव्हा बोलायला सवड असते. फक्त पत्र्यावर पाऊस वाजत नाही अशी खोली मात्र आधी पाहून ठेवायला हवी.