२५ तासांचा घोळ

अमेरिकेत ऑडिओलॉजीच्या (श्रवणशास्त्राच्या) डॉक्टरेटला, म्हणजे एयूडीला, अर्ज करायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास तासांचा निघतो: शॅडोइंगचे किती तास लागतात? शॅडोइंग म्हणजे काम करणाऱ्या ऑडिओलॉजिस्टसोबत राहायचं, कशाला हात लावायचा नाही आणि ते काम कसं चालतं ते पाहायचं. या प्रश्नाला एक तयार उत्तर मिळतं, ‘२५’. ते चूक आहे. पण हा आकडा आला कुठून हे शोधलं, तर शॅडोइंगबद्दलचे बाकीचे गैरसमजही त्याच मुळाशी सापडतात. ते मूळ म्हणजे शॅडोइंगकडे प्रवेशाची अट म्हणून पाहणं. खरं तर ती स्वतःच्या निर्णयाची परीक्षा आहे.

हा आकडा शेजारच्या घरातला आहे. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन, म्हणजे ‘आशा’, ही संस्था वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आणि ऑडिओलॉजिस्ट या दोघांनाही प्रमाणपत्र देते. वाचा-भाषा उपचाराच्या प्रमाणपत्राला ४०० तासांचा क्लिनिकल अनुभव लागतो आणि त्यातले २५ तास मार्गदर्शनाखालच्या निरीक्षणाचे असतात. पदवीच्या वर्गात दोन्ही वाटांचे विद्यार्थी एकत्र शिकतात, त्यातले बहुतेक वाचा-भाषा उपचाराकडे वळतात, आणि त्यांचा नियम ऑडिओलॉजीवाल्यांनाही आपलाच वाटू लागतो. ऑडिओलॉजीचा हिशोब वेगळा आहे. तिथे आधी १,८२० तासांच्या अनुभवाची अट होती. २०२० च्या निकषांनी तासांचा आकडा काढून किमान १२ महिने पूर्णवेळ भरेल इतका अनुभव मागितला. हा अनुभव डॉक्टरेटच्या अभ्यासक्रमात, देखरेखीखाली घ्यायचा असतो. अर्जाआधी कुणामागे कितीही तास बसलात, तरी त्यातला एकही यात धरला जात नाही. शॅडोइंग हवं की नको, हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. कुणी अट घालतं, कुणी शिफारस करतं, कुणी त्याचा उल्लेखही करत नाही. त्यामुळे मित्राच्या सांगण्यावर न जाता ज्या विद्यापीठात अर्ज करायचा त्याचे चालू वर्षाचे नियम वाचणं, एवढाच सुरक्षित मार्ग आहे.

इथे साहजिकच आक्षेप येतो: तास धरलेच जात नाहीत, तर सुट्टीचे दिवस कशाला घालवायचे? उत्तर पुढच्या खर्चात आहे. पूर्वी या पेशात मास्टर्सवर भागत असे, पण २०१२ पासून ‘आशा’च्या प्रमाणपत्राला डॉक्टरेट लागते. म्हणजे पदवीनंतर साधारण ४ वर्षं (काही ठिकाणी ३) आणि त्यात शेवटचं वर्ष बहुधा पूर्णवेळ क्लिनिकमध्ये. एवढी वर्षं आणि एवढं शुल्क पणाला लावण्याआधी ते काम चार-पाच दिवस जवळून पाहणं, याहून स्वस्त परीक्षा नाही. शिवाय जे दिसतं ते पुस्तकात नसतं. श्रवणचाचणीची रीत पाठ्यपुस्तकात असते: रुग्ण ध्वनिरोधक खोलीत, ऑडिओलॉजिस्ट काचेपलीकडे, सूर ऐकू आला की रुग्णाने बटण दाबायचं, प्रतिसाद आला की आवाज १० डेसिबलने खाली, नाही आला की ५ ने वर. पण ‘पास’ व्हायच्या धडपडीत रुग्ण सूर नसतानाही बटण दाबतो आणि ऑडिओलॉजिस्ट दोन सुरांमधलं अंतर मुद्दाम कमी-जास्त करतो, हे काचेच्या अलीकडे बसल्यावरच नजरेत भरतं. मग ऑडिओग्राम, म्हणजे चाचणीचा आलेख, समोर येतो. उजव्या कानाची लाल वर्तुळं आणि डाव्याच्या निळ्या फुल्या उंच सुरांकडे घसरत गेलेल्या असतात, आणि रुग्ण म्हणतो, “मला ऐकू येतं हो, हीच पुटपुटते.” स्वर खालच्या पट्टीत असल्याने कानावर पडतात आणि ‘स’, ‘फ’ सारखी व्यंजनं निसटतात, म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही. हे त्याला न दुखावता आणि त्याच्या बायकोसमोर समजावणं, यात या पेशाचा निम्मा दिवस जातो. ते आपल्याला आवडेल का, याचं उत्तर गुणपत्रिकेत सापडत नाही.

दुसरा गैरसमज असा की श्रवणयंत्रं मिळतात तिथे बसलं की झालं शॅडोइंग. अमेरिकेत श्रवणयंत्रं बसवून देणाऱ्या ‘हिअरिंग इन्स्ट्रुमेंट स्पेशालिस्ट’ना वेगळा परवाना असतो आणि त्यासाठी डॉक्टरेट लागत नाही. दुकानात भेटलेली व्यक्ती ऑडिओलॉजिस्ट आहे का, हे आधी विचारावं. आणि ऑडिओलॉजी म्हणजे श्रवणयंत्रंच नव्हेत. नवजात बाळाची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपाय सहाव्यापर्यंत, हे सूत्र सांभाळणारे ऑडिओलॉजिस्ट वेगळे. कॉक्लिअर इम्प्लांटची रुग्णानुसार जुळवणी (मॅपिंग) करणारे वेगळे. कुणी चक्कर आणि तोल तपासतं, कुणी शाळांत काम करतं, तर कुणी माजी सैनिकांच्या रुग्णालयांत कानातल्या सततच्या आवाजाने बेजार झालेल्यांना पाहतं. म्हणून एकाच जागी ४० तास बसण्यापेक्षा तीन वेगळ्या ठिकाणी दोन-दोन सकाळी घालवणं अधिक उपयोगाचं.

‘रुग्णांच्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे हल्ली कुणी बसूच देत नाही’ हे अर्धसत्य आहे. १९९६ च्या हिपा कायद्यामुळे संस्था सावध झाल्या आहेत. त्या गोपनीयतेच्या करारावर सही घेतात, लसीकरणाचे दाखले मागतात, रुग्णाची परवानगी घेतात, आणि काही सरळ नकारही देतात. पण एका संस्थेचं धोरण म्हणजे सगळीकडचा नियम नव्हे. खरी अडचण पोटासाठी नोकरी करणाऱ्यांची आणि लहान गावांतल्यांची असते, आणि हा आक्षेप रास्त आहे. सगळ्यांकडून सारखेच तास मागणं हे ज्यांना सवड आणि ओळखी आहेत त्यांच्याच पथ्यावर पडतं. म्हणूनच आकड्यापेक्षा आकलनाला वजन हवं. एक सकाळ नीट पाहून नोंदी ठेवणारा विद्यार्थी मागे पडू नये.

मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतून किंवा पुण्यातून बीएएसएलपी (ऑडिओलॉजी आणि वाचा-भाषा उपचाराची पदवी) करून अमेरिकेत अर्ज करणाऱ्यांची चूक नेमकी उलटी होते. त्यांच्या ४ वर्षांत १ वर्ष इंटर्नशिपचं असतं. त्यात ते स्वतः चाचण्या करतात, तरीही अर्जात शॅडोइंगचे तास नाहीत म्हणून कानकोंडे होतात. देखरेखीखाली केलेलं काम हे पाहण्याच्या पुढचं आहे आणि ते त्याच नावाने नोंदवावं. त्यांना समजून घ्यायची असते ती तिकडची व्यवस्था: विमा कशाचे पैसे देतो, ऑक्टोबर २०२२ पासून चिठ्ठीविना मिळू लागलेल्या श्रवणयंत्रांनी काय बदललं, असे प्रश्न.

अर्जात शेवटी विचारलं जातं ते ‘ऑडिओलॉजीच का?’ तिथे ‘६० तास पूर्ण’ लिहिणाऱ्याने आपण किती वेळ बसलो एवढंच सांगितलेलं असतं. रुग्णाचं नाव-गाव न लिहिता, बटणाची घाई करणाऱ्या त्या माणसाबद्दल चार ओळी लिहिणाऱ्याने काय पाहिलं ते सांगितलेलं असतं. आणि तीन सकाळी काचेशी बसून ज्याला कळलं की हे आपलं काम नाही, त्याला अर्ज भरावाच लागत नाही. शॅडोइंगचा सगळ्यात मोठा फायदा त्यालाच झालेला असतो.