इलाज वर्गातल्या हवेवर

बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी शाळांमध्ये झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रयोगाचं नाव ‘सेहेर’. शाळांचे तीन गट केले होते आणि कोणती शाळा कोणत्या गटात जाणार हे सोडत काढावी तसं ठरवलं होतं, म्हणजे त्यात कोणाच्या मर्जीला वाव नव्हता. दोन गटांत मुलांच्या भावनिक स्वास्थ्याचा एकच कार्यक्रम राबवला गेला. एका गटात तो खास या कामासाठी नेमलेल्या आणि प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी चालवला. हे समुपदेशक मानसोपचाराच्या क्षेत्रातले नव्हते. दुसऱ्या गटात तोच कार्यक्रम शाळेतल्याच शिक्षकांकडे सोपवला. तिसऱ्या गटात जीवनकौशल्यांचे नेहमीचे सरकारी तास तेवढे चालू राहिले. नववीतली सुमारे १३ हजार मुलं-मुली या पाहणीत होती. आठ महिन्यांनी समुपदेशक असलेल्या शाळांत नैराश्याची लक्षणं कमी झालेली दिसली, दादागिरी आणि मारहाण सोसावी लागण्याचं प्रमाण घटलं, स्त्री-पुरुष समानतेविषयीची मतं सुधारली. शिक्षकांच्या गटात मात्र म्हणावा असा फरक पडला नाही. जिल्हा तोच, इयत्ता तीच, कार्यक्रमही तोच. मग गुण एकीकडेच का यावा? तरुण मनांवरच्या आघातांविषयी आपण जो विचार करतो, तो मुळापासून तपासायला लावणारा हा प्रश्न आहे.

या संशोधनामागच्या प्रमुख नावांपैकी एक आहे मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांचं. जन्म आणि वैद्यकीय शिक्षण मुंबईचं, पुढचं शिक्षण इंग्लंडमध्ये, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला झिंबाब्वेत संशोधन, आणि १९९६ साली सहकाऱ्यांसह गोव्यात ‘संगत’ या संस्थेची स्थापना, असा त्यांचा प्रवास. ज्या देशांत मनोविकारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तिथे उपचार पोहोचवायचे कसे, हा त्यांच्या कामाचा ध्यास. प्रशिक्षित सामान्य माणूस ठरावीक पद्धतीनं बोलून नैराश्यातल्या माणसाला बरं करू शकतो, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून काटेकोर चाचण्या घेऊन दाखवलं. त्यांच्या या कामाला जगभर दाद मिळाली. पण त्याच गोव्यात त्यांनी तरुणांविषयी जी पाहणी केली, तिची चर्चा त्या मानानं फारच कमी झाली.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोव्यातल्या आठ उच्च माध्यमिक शाळांमधल्या ८११ विद्यार्थ्यांना निनावी प्रश्नावली दिली होती. आदल्या वर्षभरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचं सुमारे एक तृतीयांश मुलांनी नोंदवलं. शंभरातल्या साधारण सहा जणांवर थेट लैंगिक जबरदस्ती झाली होती, आणि त्यांत मुलगेही होते. ज्यांच्या वाट्याला हे आलं त्यांचं मानसिक आणि शारीरिक आरोग्य, अभ्यासातली प्रगती, आईवडिलांशी असलेलं नातं, सगळंच इतरांपेक्षा खालावलेलं होतं. २००९ साली आलेल्या दुसऱ्या अभ्यासात गोव्याच्या शहरी आणि ग्रामीण भागांतल्या १६ ते २४ वयाच्या ३६६२ तरुणांशी बोलणं झालं. त्यातल्या ३.९ टक्के तरुणांच्या मनात मागच्या तीन महिन्यांत आत्महत्येचे विचार येऊन गेले होते, किंवा त्यांनी तसा प्रयत्न केला होता. हे प्रमाण मुलींमध्ये जास्त होतं, आणि घरातली मारहाण व पूर्वी सोसलेला लैंगिक छळ यांच्याशी त्याचा ठळक संबंध होता. देशभरातल्या मृत्यूंच्या नोंदींवरून पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली काढलेला निष्कर्ष यापुढे ठेवला, म्हणजे विषयाचं गांभीर्य कळतं. भारतात आत्महत्येनं मरण पावणाऱ्या प्रौढ पुरुषांपैकी ४० टक्के आणि स्त्रियांपैकी ५६ टक्के १५ ते २९ या वयातले होते.

आघात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भूकंप, दंगल, अपघात असं काहीतरी येतं. घटना घडते, संपते, आणि आठवण मागे उरते. मानसोपचारातली आघाताची कल्पनाही बऱ्याच अंशी युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवातून घडली, त्यामुळे उपचाराचा रोखही आठवणीवर राहिला. गोव्यातल्या आकड्यांमधून दिसणारं चित्र वेगळं आहे. ज्या मुलीला घरी मार बसतो तिच्यासाठी घटना संपलेलीच नाही. ती संध्याकाळी त्याच घरी परतणार आहे. ज्या मुलाला वरच्या वर्गातली पोरं गाठून छळतात, त्याला उद्या त्याच जिन्यावरून जायचं आहे. अशा मुलाचं शरीर आणि मेंदू सतत सावध राहतात. झोप उडते, फळ्यावरचं डोक्यात शिरत नाही, साध्या बोलण्यावर संताप येतो किंवा मूल गप्प होत जातं. मोठी माणसं त्यालाच ‘लक्ष नाही’, ‘उद्धट आहे’ असं म्हणून शिक्षा करतात आणि आघातात भर पडते. आयुष्यात कधीही मनोविकार झालेल्यांपैकी निम्म्या लोकांना त्याची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते, असं अमेरिकेतल्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आढळलं. म्हणजे ज्या वयात मनोविकार मूळ धरतात, त्याच वयात मूल घर आणि शाळा यांच्या पूर्ण ताब्यात असतं. म्हणून माझं म्हणणं असं, की तरुणांवरच्या आघाताचा पहिला इलाज त्यांच्या मनावर नव्हे, तर ते ज्या वातावरणात वावरतात त्यावर झाला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप शास्त्रीय आहे. एकाच वेळी विचारलेल्या प्रश्नांवरून कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे कसं ठरवणार? कदाचित आधीच खचलेल्या मुलाला जुन्या गोष्टी जास्त आठवत असतील. कदाचित चिडचिड्या मुलालाच जास्त मार बसत असेल. आक्षेप रास्त आहे. पण २००९ च्या अभ्यासात मानसिक त्रासाचा भाग हिशेबातून बाजूला काढल्यावरही हिंसेचा आणि आत्महत्येच्या विचारांचा संबंध टिकून होता. शिवाय नालंदातला प्रयोग निव्वळ पाहणी नव्हता. तिथे संशोधकांनी शाळेचं वातावरण मुद्दाम बदललं आणि त्यासोबत नैराश्य उतरलं. मुलांच्या स्वभावातच सगळं असतं, तर शाळेचं वातावरण बदलल्यानं ते हललं नसतं.

दुसरा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. आमच्या पिढीनं काय कमी मार खाल्ला? हल्ली जरा काही झालं की आजार म्हणायची फॅशन आली आहे. यातला अर्धा भाग खरा आहे. पटेल यांच्याच गटाच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोव्यातल्या १२ ते १६ वयाच्या २०४८ मुलांची पद्धतशीर तपासणी केली, तेव्हा निदान करता येईल असा मनोविकार अवघ्या १.८१ टक्के मुलांत सापडला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं पुढे १३ ते १७ वयासाठी ७.३ टक्के हा आकडा दिला, तोही बहुसंख्य मुलं आजारी नाहीत हेच सांगतो. पण गोव्याच्या त्याच अभ्यासात आईवडिलांचं मारणं-बोलणं हा धोका वाढवणारा घटक ठरला होता, आणि अडीअडचणीला घरच्यांचाच पहिला आधार वाटणं हा धोका कमी करणारा. मार खाऊनही नीट वाढलेली माणसं पुष्कळ असतात. पण मार उपयोगी पडल्याचा तो पुरावा नव्हे. त्यांना बहुधा कोणाचा तरी आधारही होता. ज्यांना तो नव्हता ते या वादात आपली बाजू मांडायला येत नाहीत.

आता नालंदाच्या कोड्याकडे वळू. तिथला समुपदेशक काय करत होता? शाळेत एक पेटी ठेवलेली असे. मुलं तक्रारी, प्रश्न, सूचना चिठ्ठीवर लिहून तिच्यात टाकत, नाव घालायची सक्ती नव्हती. प्रार्थनेच्या वेळी एखाद्या विषयावर सगळ्या शाळेशी बोलणं होई. मुलं भित्तिपत्रक काढत. गटांत चर्चा होत, आणि ज्याला हवं त्याला एकट्यानं बोलता येई. यात औषध नाही, जुन्या जखमा उकरणं नाही. पण त्या चिठ्ठीत ‘अमुक सर मारतात’ असं लिहायचं असेल आणि पेटी उघडणारे सरांचेच सहकारी असतील, तर चिठ्ठी कोण टाकेल? माझ्या मते शिक्षकांच्या गटातल्या अपयशाचं एक मोठं कारण इथे आहे. शिक्षक वाईट होते असं यातून निघत नाही. त्यांच्याकडे पोर्शन होता, परीक्षा होत्या, शंभर सरकारी कामं होती. आणि गुण देण्याचा व शिक्षा करण्याचा अधिकार त्यांच्याच हातात होता. अधिकार आणि विश्वास एकाच माणसाकडे मागणं हीच योजनेतली चूक ठरली.

अर्धशिक्षित समुपदेशकांच्या हाती मुलं देणं धोक्याचं नाही का, असं काही मनोविकारतज्ज्ञ विचारतील. ज्या मुलावर बलात्कार झाला आहे, जे रात्री दचकून उठतं, ज्याच्या डोक्यात मरणाचे विचार घोळतात, त्याला तज्ज्ञाचीच गरज आहे आणि भित्तिपत्रकानं ती भागणार नाही. या मर्यादा संशोधनातही दिसतात. दिल्लीच्या सरकारी शाळांत २५१ मुलांवर झालेल्या चाचणीत समुपदेशकाच्या मोजक्या भेटींनी मुलांना स्वतःला सतावणाऱ्या अडचणी हलक्या झाल्या, पण पहिल्या काही आठवड्यांत आजाराच्या लक्षणांत तसा फरक दिसला नाही. तरीही तज्ज्ञाकडे पोहोचण्याआधी मुलाला कोणाला तरी सांगावं लागतं, आणि असा ‘कोणीतरी’ बहुतेक शाळांत नाही. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, मराठीतही बोलता येतं. पण फोन करण्याचं धैर्य आधी आसपासच्या माणसांकडूनच मिळतं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली. मात्र तो कायदा ६ ते १४ वयापुरता, म्हणजे चौदा वर्षं ओलांडलेली मुलं त्याच्या कक्षेबाहेरची. घरातल्या माराला तर तो हातच लावत नाही. महाराष्ट्रात काय किंवा गोव्यात काय, शाळेत मानसिक आरोग्य म्हटलं की एखादं व्याख्यान ठेवायचं आणि त्या विषयाची जादा जबाबदारी एखाद्या शिक्षकाकडे द्यायची हा सोपा मार्ग आहे. खर्च नाही, अहवालात नोंदही होते. पण सेहेरच्या तीन गटांपैकी निष्फळ ठरलेला गट याच मार्गाच्या सर्वांत जवळचा होता. सरकारला तरुणांच्या आत्महत्यांची खरोखर काळजी असेल, तर शाळेत शिकवण्याची आणि गुण देण्याची जबाबदारी नसलेलं एक स्वतंत्र पद हवं, त्याचा पगार अंदाजपत्रकात हवा, आणि निकालाच्या टक्केवारीसोबत त्या शाळेत मुलांना किती सुरक्षित वाटतं हेही दरवर्षी मोजलं गेलं पाहिजे.