वीस जुनी गाणी, एक नवं नाव

ऑगस्ट 1967 मध्ये डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने एक जोड-एलपी बाजारात आणली : 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स : ग्रेटेस्ट हिट्स'. दोन तबकड्या, चार बाजू, वीस गाणी. त्यांतली दहा गाणी अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेली. वेष्टनावर तिघींची रंगवलेली चित्रं : डायना रॉस, मेरी विल्सन आणि फ्लॉरेन्स बॅलर्ड. सोबत ब्रॉडवेची नामवंत नटी कॅरल चॅनिंग हिने लिहिलेला कौतुकाचा मजकूर. सगळा थाट जंगी. पण दोन गोष्टींचा मेळ काही बसत नाही. या वीसपैकी एकही गाणं 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' या नावाने प्रसिद्ध झालेलं नव्हतं. सगळ्यांवर नुसतं 'द सुप्रीम्स' छापलेलं होतं. आणि जिचं चित्र वेष्टनावर आहे, जिचा आवाज या गाण्यांत आहे, त्या फ्लॉरेन्सला एलपी दुकानात पोचण्याआधीच गटातून काढून टाकलेलं होतं.

निवडक लोकप्रिय गाण्यांच्या अशा संचांकडे संगीताचे जाणकार जरा तुच्छतेनेच बघतात. कंपनीला हा माल स्वस्तात पडतो. ध्वनिमुद्रणाचा खर्च कधीच वसूल झालेला असतो आणि गाणी लोकांना तोंडपाठ असतात. नवं वेष्टन छापलं की काम झालं. आपल्याकडे एचएमव्हीने असे संच ढिगाने काढले. पण सुप्रीम्सच्या बाबतीत मला हा संचच त्यांचं खरं काम वाटतो. मोटाउन तेव्हा एकेकट्या गाण्यांवर चालणारी कंपनी होती. एखादं गाणं गाजलं की त्याच्याभोवती घाईघाईने एलपी भरायची, अशी पद्धत. म्हणून याच तिघींच्या नावावर लिव्हरपूलच्या बँडांची गाणी, कंट्री-वेस्टर्न गाणी, सॅम कुकची गाणी असे एलपी निघाले. ते आज फारसं कुणी ऐकत नाही. या वीस गाण्यांचं तसं नाही.

मुळात या चौघी होत्या. डेट्रॉइटमधल्या ब्रूस्टर-डग्लस या सरकारी वसाहतीत, मुख्यतः कृष्णवर्णीय कामगारांच्या वस्तीत, 1959 मध्ये 'द प्राइमेट्स' नावाचा गट जमला. 'द प्राइम्स' नावाचा मुलांचा गट होता, त्याला जोड म्हणून हा मुलींचा. (प्राइम्समधले दोघे पुढे 'टेम्प्टेशन्स'मध्ये गेले.) या मुलींत सगळ्यात दमदार आवाज फ्लॉरेन्सचा. मोटाउनच्या बेरी गॉर्डीने त्यांना आधी शाळा पुरी करून या म्हणून परत पाठवलं, पण त्या शाळा सुटल्यावर स्टुडिओत येऊन बसत. टाळ्या वाजवायला, मागे आवाज द्यायला कुणी हवं असलं की उठून उभ्या राहत. जानेवारी 1961 मध्ये करार झाला आणि नाव बदलायचं ठरलं. पुढे केलेल्या यादीतून 'सुप्रीम्स' हे नाव फ्लॉरेन्सने उचललं. बाकीच्यांना ते पुरुषी वाटलं होतं. वर्षभरात चौथी मुलगी गट सोडून गेली आणि राहिल्या तिघी.

पुढची दोन-तीन वर्षं गाडं पुढे सरकेना. कंपनीतले लोक त्यांना 'नो-हिट सुप्रीम्स' म्हणून चिडवायचे. एलपीतलं 'रन, रन, रन' हे त्या पडत्या काळातलं गाणं. 1964 च्या सुरुवातीला ते आलं तसं गेलं. यशस्वी गाण्यांच्या संचात ते का घेतलं असेल, हा प्रश्न पडतोच. चार बाजू भरायच्या होत्या, हे त्याचं साधं उत्तर.

गॉर्डी हा पूर्वीचा मुष्टियोद्धा. जाझच्या तबकड्यांचं दुकान काढून बुडालेला. नंतर लिंकन-मर्क्युरी मोटारींच्या कारखान्यात जोडणीच्या पट्ट्यावर काम केलेला. 1959 मध्ये घरच्या बचत-मंडळातून 800 डॉलर कर्ज काढून त्याने कंपनी उभी केली आणि वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या 2648 क्रमांकाच्या घराला 'हिट्सव्हिल यूएसए' अशी पाटी लावली. मोटारीच्या कारखान्यात एका टोकाला नुसता सांगाडा शिरतो आणि दुसऱ्या टोकाला झळझळीत गाडी बाहेर पडते. गाणी आणि गायक तसेच घडवायचे, हे त्याने उघडच सांगितलेलं आहे. दर शुक्रवारी बैठक भरायची. आठवड्यातली ध्वनिमुद्रणं ऐकायची आणि कोणतं बाजारात जाईल ते ठरवायचं. खिशात शेवटचा डॉलर असेल आणि पोटात भूक असेल, तर हे गाणं घ्याल की सँडविच, असं तिथे विचारलं जाई. मोटारीतल्या छोट्या स्पीकरवर गाणं कसं वाजतं तेही तपासत, कारण डेट्रॉइटची पोरं गाणी मोटारीतच ऐकायची.

गाणी यायची ती ब्रायन हॉलंड, लामाँ डोझिअर आणि एडी हॉलंड या त्रिकुटाकडून. पहिले दोघे चाल आणि वाद्यमेळ बसवायचे. एडी शब्द लिहायचा आणि गायिकांकडून ते घोटून घ्यायचा. या एलपीतली जवळजवळ सगळी गाणी त्यांचीच. वादक कंपनीचे, ठरलेले : बासवर जेम्स जेमरसन, ड्रमवर बेनी बेंजामिन, कीबोर्डवर अर्ल व्हॅन डाइक. घरामागच्या ज्या खोलीत ते वाजवायचे तिथे छतावरून इतक्या तारा लोंबकळायच्या की तिला सापांचा खड्डा म्हणत. गाण्यांची ओळख या लोकांच्या हातांत होती, पण तबकडीवर त्यांची नावं नसत. मोटाउनने वादकांची नावं छापली ती 1971 मध्ये, मार्व्हिन गे याच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर.

'व्हेअर डिड अवर लव्ह गो' हे गाणं आधी 'मार्व्हलेट्स' या दुसऱ्या गटापुढे ठेवलं होतं. त्यांनी ते नाकारलं. सुप्रीम्सनीही नाकं मुरडली, पण नाही म्हणण्याइतकी पत तेव्हा त्यांच्याकडे नव्हती. वाद्यमेळ आधीच खालच्या पट्टीत मुद्रित झालेला होता. त्यामुळे नेहमी वरच्या पट्टीत, नाकातून गाणाऱ्या डायनाला खाली उतरावं लागलं आणि तिच्या आवाजात एक गार, जरा अलिप्त लाडिकपणा आला. सुरुवातीला जो ठोक-ठोक असा ठेका ऐकू येतो त्या टाळ्या नाहीत. लाकडी फळ्यांवर पाय आपटून काढलेला तो आवाज आहे. बाकी गाण्यात फार काही घडत नाही. चाल फिरून फिरून तिथेच येते, मागे दोघी एकच शब्द घोळवत राहतात, मध्ये सॅक्सोफोन येऊन जातो आणि पावणेतीन मिनिटांच्या आत सगळं आटोपतं. त्या उन्हाळ्यात तिघी डिक क्लार्कच्या फिरत्या कार्यक्रमात होत्या. दौरा सुरू झाला तेव्हा जाहिरातीत त्यांचं नाव तळाशी होतं. दौरा संपेपर्यंत ते वर चढलं, कारण ऑगस्ट 1964 मध्ये गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं.

मग मालिकाच लागली. 'बेबी लव्ह' पहिल्यांदा मुद्रित झालं ते गॉर्डीला संथ आणि बेचव वाटलं. त्याने ते परत करायला लावलं. लय वाढली, सुरुवातीला तो उसासा आला आणि गाणं उभं राहिलं. त्यापाठोपाठ 'कम सी अबाउट मी', 'स्टॉप! इन द नेम ऑफ लव्ह' आणि 'बॅक इन माय आर्म्स अगेन'. सलग पाच गाणी पहिल्या क्रमांकावर. ब्रिटिश बँडांनी अमेरिकेच्या यादीत धुमाकूळ घातलेला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. 'स्टॉप'च्या वेळी तळहात पुढे करून थांबवण्याची जी हालचाल जगभर प्रसिद्ध झाली, ती 1965 मध्ये लंडनला टीव्ही कार्यक्रमाच्या अगदी ऐन वेळी टेम्प्टेशन्सच्या मंडळींनी त्यांना शिकवली.

सहावं गाणं 'नथिंग बट हार्टएक्स' अकराव्या क्रमांकावर अडकलं. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. गॉर्डीने लेखी फतवा काढला : यापुढे सुप्रीम्सचं गाणं निघेल ते पहिल्या क्रमांकाचंच. त्यानंतर आलेलं 'आय हिअर अ सिंफनी' खरोखर पहिलं आलं. त्यात पट्टी पायरी-पायरीने वर चढत जाते आणि प्रत्येक पायरीला गाणं नव्याने सुरू झाल्यासारखं वाटतं. पण मला या संचात सर्वांत धारदार वाटतं ते 1966 चं 'यू कीप मी हँगिंग ऑन'. सुरुवातीची गिटार तारायंत्रासारखी कडकडते. रेडिओवर तातडीच्या बातमीआधी वाजणाऱ्या आवाजावरून ती सुचली, असं डोझिअर सांगत असे. आधीच्या गाण्यांतली बाई 'जाऊ नकोस' म्हणून विनवते. ही बाई मात्र सरळ मोकळं कर म्हणते. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात इंग्रजी गाणी ऐकणाऱ्यांना ते बहुधा किम वाइल्डच्या आवाजात ठाऊक असेल आणि 'यू कान्ट हरी लव्ह' फिल कॉलिन्सच्या. दोन्ही मूळ गाणी इथे चौथ्या बाजूवर एकापाठोपाठ एक आहेत.

नुसत्या गाण्यांवर गॉर्डीचं समाधान नव्हतं. मॅक्सीन पॉवेल मुलींना कसं चालायचं, बसायचं, मोटारीतून कसं उतरायचं ते शिकवायच्या. चोली अ‍ॅटकिन्स हालचाली बसवायचा. डिसेंबर 1964 मध्ये एड सलिव्हनचा टीव्ही कार्यक्रम, जुलै 1965 मध्ये न्यूयॉर्कचा कोपाकबाना क्लब. ज्या जागी कृष्णवर्णीय कलावंतांना शिरकाव मिळणं अवघड, तिथे मण्यांनी मढलेले झगे घालून या तिघी गेल्या. 1966 मध्ये 'द सुप्रीम्स अ' गो-गो' हा एलपी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. स्त्रियांच्या गटाला तो मान पहिल्यांदाच मिळत होता आणि त्यांनी खाली ढकललं ते बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'ला.

याच काळात मधला माइक कायमचा डायनाचा झाला होता. तिचा आवाज रेडिओवर चटकन ओळखू येतो, हे गॉर्डीचं म्हणणं चुकीचं नव्हतं; दोघांचं नातं व्यवसायापुरतं उरलेलं नव्हतं, हेही तितकंच खरं. मेरीने जुळवून घेतलं. फ्लॉरेन्सला ते जमलं नाही. ज्या मुलीने गट जमवला, नाव दिलं, ती आता मागे उभी राहून दोन-दोन शब्द म्हणत होती. किशोरवयात तिच्यावर बलात्कार झाला होता. त्यातून ती कधी सावरलीच नाही, असं मेरीने पुढे आत्मचरित्रात लिहिलं. दारू वाढली, वजन वाढलं, कार्यक्रम चुकू लागले. एप्रिल 1967 मध्ये हॉलिवूड बोलच्या कार्यक्रमात तिच्या जागी सिंडी बर्डसाँग उभी राहिली. जुलैत लास व्हेगासच्या फ्लमिंगो हॉटेलातून फ्लॉरेन्सला घरी पाठवण्यात आलं. तोवर पाटीवर 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' झळकू लागलं होतं.

त्याच महिन्यात, 23 जुलैला, डेट्रॉइट पेटलं. पाच दिवसांत 43 माणसं मेली. कंपनीच्या स्टुडिओपासून दंगलीचा भाग लांब नव्हता. त्याच आठवड्यात नव्या नावाचं पहिलं गाणं 'रिफ्लेक्शन्स' बाजारात आलं आणि पुढच्याच महिन्यात हा संच. 'रिफ्लेक्शन्स' त्यात नाही. म्हणजे नव्या नावाखाली जुनाच माल होता, आणि ते नाव लोकांच्या तोंडी बसवायला दहा अव्वल गाण्यांहून चांगली जाहिरात कुठून मिळणार होती? ऑक्टोबरअखेर संच पहिल्या क्रमांकावर चढला आणि पाच आठवडे तिथे राहिला. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ची लाट नुकतीच ओसरली होती. ब्रिटनमध्येही 1968 मध्ये तो तीन आठवडे पहिला होता. तिथे मात्र सोळाच गाणी होती, एकाच तबकडीत.

गाणी लिहिणारं त्रिकुटही त्याच सुमारास हात आखडता घेऊ लागलं होतं. पैशांवरून बिनसलं आणि 1968 मध्ये दोन्ही बाजूंनी दावे गुदरले. हॉलंड-डोझिअर-हॉलंड गेले तसा सुप्रीम्सचा तो जुना नाद गेला. नंतरही गाणी पहिल्या क्रमांकावर गेली, पण 'लव्ह चाइल्ड' आणि 'समडे वुइल बी टुगेदर' या दोन्हींत मागचे आवाज मेरी आणि सिंडीचे नाहीत. ते भाड्याने आणलेल्या गायिकांचे आहेत. दुसरं गाणं तर निरोपाचं म्हणून गाजलं. जानेवारी 1970 मध्ये डायना बाहेर पडली.

फ्लॉरेन्सला फेब्रुवारी 1968 मध्ये सुमारे 1 लाख 40 हजार डॉलर देऊन मोकळं केलं. आपण पूर्वी सुप्रीम होतो, हे जाहिरातीत सांगायचं नाही, अशी अट त्यात होती. दुसऱ्या कंपनीने तिची दोन गाणी काढली. ती चालली नाहीत. पैसे हातचे गेले. तिने मोटाउनवर दावा लावला, तो फेटाळला गेला आणि पुढे सरकारी मदतीवर दिवस काढायची वेळ आली. 22 फेब्रुवारी 1976 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी, डेट्रॉइटमध्ये तिचं निधन झालं. 1981 मध्ये ब्रॉडवेवर आलेलं 'ड्रीमगर्ल्स' आणि 2006 चा त्याच नावाचा सिनेमा यांच्या मुळाशी तिचीच कहाणी आहे. सिनेमात त्या वळणाची भूमिका करणाऱ्या जेनिफर हडसनला ऑस्कर मिळालं.

मेरी विल्सन 1977 पर्यंत गटात राहिली. सुप्रीम्स हे नाव कंपनीच्या मालकीचं होतं. त्यासाठी ती कोर्टात झगडली आणि हरली. 2000 मध्ये डायनाने पुनर्मीलनाचा दौरा काढला, त्यात मेरी नव्हती. सोबत होत्या त्या डायना गेल्यानंतर गटात आलेल्या दोघी. तिकिटं खपेनात आणि थोड्याच कार्यक्रमांनंतर दौरा आवरता घ्यावा लागला. मेरीने पुढे वेगळाच मार्ग धरला. मूळ गटातलं कुणीही नसताना जुन्या प्रसिद्ध नावाने कार्यक्रम करू नयेत, असा कायदा व्हावा म्हणून ती अमेरिकेतल्या एकेका राज्याच्या विधिमंडळापुढे जाऊन बोलत राहिली. बऱ्याच राज्यांत तो कायदा झाला. फेब्रुवारी 2021 मध्ये ती वारली.