हिरण्यकेशीचं पाणी कुठं जातं?

आजरा, गडहिंग्लजकडचे लोक हिरण्यकेशी ओळखतात. तिच्या पाण्यावर त्यांचा ऊस पिकतो. ही नदी आंबोलीच्या डोंगरात उगम पावते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर अशी गावं करीत ती घटप्रभेला मिळते. चंदगडची ताम्रपर्णीही घटप्रभेलाच मिळते. हे सारं पाणी पुढं गोकाकजवळ एका कड्यावरून खाली उडी घेतं.

हा धबधबा कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात आहे. गोकाक गावापासून तो सहा किलोमीटर लांब. पाहायचा तर श्रावणाच्या सुमारास जावं. उन्हाळ्यात नुसता कडाच दिसतो! कडा घोड्याच्या नालासारखा वाकलेला आहे. उंची 170 फूट. तीसेक माणसं एकमेकांच्या डोक्यावर उभी केली, तर एवढी उंची भरेल.

पावसाळ्यात पाणी तांबूस दिसतं. लोक म्हणतात, काय सुंदर रंग! पण तो रंग म्हणजे कुणाच्या तरी रानातली वाहून आलेली माती. ज्याचा बांध फुटला, त्याला तो सुंदर वाटायचा नाही.

फिरणं थोडंच आहे. काठावर महालिंगेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे. ते चालुक्यांच्या काळचं. धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीवर टांगता पूल आहे. पूल बंद ठेवला असेल, तर हट्ट करू नये. जवळच 1887 साली सुताची गिरणी सुरू झाली, ती या पाण्याच्याच जोरावर. पाणी नळातून खाली सोडायचं, त्यानं चाक फिरायचं, आणि चाकावर यंत्रं चालायची.

आता धबधब्याच्या खालच्या अंगाला पाहा. नदी खोल घळीतून वाहते. दोन्ही बाजूंना उभे कडे आहेत. एवढी घळ कुणी खणली? पाण्यानंच खणली. पागोळ्यांखालच्या मातीला कसे खळगे पडतात, ते आपण दर पावसाळ्यात पाहतो. इथंही तसंच होतं. वरून पडणारं पाणी कड्याचा पाया झिजवतं. पाण्याबरोबर वाळू आणि गोटे असतात, ते दगडाला घासतात. पाया पोकळ झाला की वरचा दगड कोसळतो. मग धबधबा तेवढा मागं सरकतो, आणि पुढं घळ उरते. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर नायगारा नावाचा मोठा धबधबा आहे. तो सुमारे 12,000 वर्षांत 11 किलोमीटर मागं सरकला. माणसाच्या एका जन्मात हे सरकणं सहसा ध्यानातही येत नाही.

पण दगड कोसळतो तो एका क्षणात. वरून कडा भक्कम दिसतो. खालून तो पोखरलेला आहे की नाही, हे वर उभ्या माणसाला कळत नाही. त्यात तुषारांनी दगड ओले असतात, त्यांवर शेवाळ धरतं. म्हणून अगदी कडेला जाऊ नये. पोराबाळांचा हात सोडू नये. देवळाच्या बाजूनं, कड्यापासून लांब उभं राहूनही धबधबा चांगला दिसतो.