लेक वेल्डिंग शिकायचं म्हणतेय?

ताईंनो, दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विचार, पोरीला पुढं काय शिकवायचं? आयटीआय म्हटलं की आपल्याला शिवणकाम आणि ब्युटी पार्लरच आठवतं. एखादी पोर वेल्डिंग म्हणाली की घरचे लगेच म्हणतात, "ते बाप्यांचं काम, डोळे जातात." यात खरं किती ते बघू.

आयटीआयमधला वेल्डर हा कोर्स एक वर्षाचा आहे. त्याला आठवी पास चालते, म्हणजे दहावीत नापास झालेली मुलगीही अर्ज करू शकते. वय 14 पूर्ण हवं. वरची मर्यादा नाही, त्यामुळे सूनबाईलाही शिकता येतं. शासकीय आयटीआयत 30 टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आधीच काढून ठेवा.

आता 'बाप्यांचं काम' याबद्दल. वेल्डिंगला ताकदीपेक्षा स्थिर हात लागतो. रॉड आणि लोखंड यांच्यात थोडंसंच अंतर ठेवून एका चालीनं पुढं जायचं. रॉड फार जवळ नेला तर चिकटतो, लांब गेला तर ठिणग्या उडतात आणि जोड कच्चा राहतो. रांगोळीची रेघ सरळ ओढणारीला हे जमतं, सराव मात्र रोज हवा.

डोळ्यांची भीती खोटी नाही. वेल्डिंगच्या उजेडात अतिनील किरणं असतात. उघड्या डोळ्यांनी बघितलं तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं. पण गर्द काचेचा मुखवटा लावला तर डोळे सांभाळले जातात. काम करणारीनं नियम पाळायचाच, आणि दुकानासमोर बघत उभ्या राहणाऱ्या लेकरांनाही हटकायचं.

कपडे सुती आणि अंगभर घालावेत. नायलॉन, पॉलिस्टर ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतं. ओढणी नको. चामडी हातमोजे आणि बंद बूट हवेत. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचा धूर छातीत गेला तर थंडीताप भरतो, म्हणून असं काम मोकळ्या हवेत करावं.

प्रवेशाआधी आयटीआयत स्वतः जाऊन या. मान्यता आहे का, मशीन चालू आहेत का, मुलींसाठी संडास आहे का, एसटीची वेळ जुळते का, हे सगळं विचारा.

कोर्सनंतर कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते, त्यात विद्यावेतन मिळतं. गावातही ग्रिल, गेट, गोठ्याचं शेड, ट्रॉलीची दुरुस्ती अशी कामं असतात. पण एक सांगणं आहे. गटातून कर्ज काढून मशीन घ्यायची घाई नको. आधी हात बसू द्या, दोन-चार महिने दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये काम करू द्या, मग मशीन घ्या.

पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. आणि त्या दिवशी लेकीलाही सोबत आणा, तिला काय वाटतं ते तिच्याच तोंडून ऐकू.