दुर्बिणीच्या रांगेत उभं राहण्याआधी : पुणेकरांसाठी आठ खगोली गमती

आकाश बघायला ना पदवी लागते, ना स्वतःची दुर्बीण. पुण्यात हौशी मंडळींनी ही सोय ऐंशीहून जास्त वर्षं जपली आहे. आकाशदर्शनाला निघण्याआधी एवढं वाचून जा!

१. १९४४ पासूनची हौस
ज्योतिर्विद्या परिसंस्थेची स्थापना २२ ऑगस्ट १९४४ ची. हौशी आकाशनिरीक्षकांच्या देशातल्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी ही एक. पत्ता टिळक रस्त्यावरचं टिळक स्मारक मंदिर. तो शोभतोही, कारण वसंतसंपात मृगशीर्षात असल्याच्या खुणांवरून लोकमान्य टिळकांनी ‘ओरायन’ (१८९३) या ग्रंथात वेदांचा काळ मांडला होता.

२. देशातली सर्वांत मोठी दुर्बीण पुण्यातच होती
पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली. भावनगरच्या महाराजांनी तिला देणगी दिली. तिथली २० इंची आरशाची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

३. ध्रुव दोन मुठींवर
हात लांब करून धरलेली मूठ आकाशात साधारण १० अंश झाकते. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणून ध्रुवही उत्तर क्षितिजापासून तेवढाच वर. मुठीवर मूठ ठेवा, ध्रुव सापडलाच!

४. लंडनला न दिसणारा तारा
व्याधानंतरचा सर्वांत तेजस्वी तारा अगस्ती. लंडनहून तो कधीच दिसत नाही. पुण्यात मात्र फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला झळकतो, तोही जवळपास ध्रुवाइतक्याच उंचीवर.

५. चंद्र बघायचाय? पौर्णिमा टाळा
पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्या गायब होतात आणि चंद्र सपाट दिसतो. शुक्ल अष्टमीच्या आसपास जा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या लांबच लांब सावल्या पडलेल्या असतात.

६. शनीची कडी उघडताहेत
साधारण दर पंधरा वर्षांनी शनीची कडी आपल्याला कडेने दिसतात आणि जणू नाहीशी होतात. मार्च २०२५ मध्ये तसंच झालं. आता ती वर्षागणिक रुंद दिसत जातील आणि २०३२ च्या सुमारास पूर्ण खुलतील. पहिल्यांदा बघणाऱ्याला हमखास शंका येते, ‘आत चित्र तर चिकटवलं नाही ना?’

७. गुरूचे चंद्र पळताना पकडा
गॅलिलिओने १६१० मध्ये टिपलेले चारही चंद्र साध्या दुर्बिणीतून दिसतात. त्यांतला आयो साडेबेचाळीस तासांतच गुरूची फेरी पूर्ण करतो. आल्या आल्या एकदा बघा, दोन तासांनी परत रांगेत उभे राहा. त्याने जागा बदललेली असेल.

८. खिशातला मोबाइल खिशातच
अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झगझगाटात ती मेहनत वाया जाते. म्हणूनच निरीक्षक मंद लाल दिवा वापरतात. आणखी एक युक्ती : अंधुक तेजोमेघाकडे थेट न बघता किंचित बाजूला नजर ठेवा. डोळ्याचा कडेचा भाग अंधुक उजेड जास्त चांगला टिपतो.

कधी जायचं?
जून ते सप्टेंबर आकाश ढगांचं असतं, म्हणून खरा हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. निघण्याआधी ज्योतिर्विद्या परिसंस्थेकडून वेळ पक्की करून घ्या. नातवंडांना न्या, आजी-आजोबांनाही न्या, आणि दुर्बिणीजवळ उभ्या असलेल्या स्वयंसेवकांना भरपूर प्रश्न विचारा. स्वतःच्या डोळ्यांनी शनी पाहण्याची सर कुठल्याच छायाचित्राला येत नाही, आणि हा आनंद रांगेतल्या प्रत्येकाला मिळावा याचसाठी ही मंडळी रात्री जागतात.